दुष्काळाचे देणे

वऱ्हाडच्या इतिहासात कारंजा हा कसबा व्यापाराचे ठाणे म्हणून वारंवार भेटतो. भोवती तट, दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या नावांच्या चार वेशी, करंज ऋषींच्या नावाशी जोडलेला ऋषितलाव, श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांची अखंड रीघ, बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची जैन मंदिरे व त्यांतील हस्तलिखितांची भांडारे, आणि उंटांवर लादून आणलेली सगळी कस्तुरी एका सावकाराने विकत घेऊन आपल्या हवेलीच्या चुन्यात कालवली, ही पिढ्यानुपिढ्या सांगितली जाणारी दंतकथा. १८५३ च्या तहनाम्याने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आले, १९०२ च्या करारान्वये वर्षाकाठी २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या इजाऱ्याने त्यांच्याकडेच राहिले, आणि पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची आगगाडी कारंज्यावरून धावू लागली, तेव्हा या गावचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्याची वाट अधिकच सुकर झाली.

परंतु ज्या वर्षांत हा व्यापार भरभराटीस येत होता, त्याच वर्षांत वऱ्हाडाने दोन दुष्काळ एकापाठोपाठ सोसले. १८९६-९७ च्या दुष्काळातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९ चा पाऊस जवळजवळ पडलाच नाही. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. ज्या दशकात प्रजा वाढावयाची त्या दशकात दीड लाखाच्या आसपास माणसे उणी झाली. कारंज्याची वस्ती त्या वेळी साडेसोळा हजारांच्या घरात होती. जे मेले त्यांची नोंद सरकारी दप्तरात झाली. जे जगले, ज्या स्त्रियांनी खडी फोडण्याच्या कामावरून परत येऊन अर्धपोटी गर्भ वाढविले, त्यांच्या बाळांचे वजन करण्याची रीत मात्र तेव्हा कोठेच नव्हती.

अतिस्थूलता, झोपेत अडकणारा श्वास, इन्सुलिनला न जुमानणारे स्नायू आणि थकत जाणारे हृदय या चार गोष्टींचा परस्परसंबंध शोधण्याचा इतिहास सांगावयाचा, आणि आरंभ दुष्काळापासून करावयाचा, हे वाचकास प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. ही व्याधी खात्यापित्या घरची, अंगाने भरलेल्या माणसांची, अशीच आपली रूढ समजूत आहे. मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की आपल्या देशापुरती ही समजूत अपुरी आहे, आणि ती अपुरी असल्याचे ज्या संशोधनाने दाखविले त्याचा मोठा भाग महाराष्ट्राच्या भूमीवर, पुणे आणि मुंबई या दोन शहरांत घडला.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या संबंधाची चाहूल घेतली होती, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या देहांचा विचार करताना अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा परामर्श एकत्र घेतला आहे; स्थूलतेच्या कारणांत गोड व जड आहार, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव यांच्या बरोबरीने बीजस्वभावही सांगितला आहे; आणि विशेष म्हणजे त्याच अध्यायाचा उत्तरार्ध निद्रेच्या विवेचनाला दिला आहे. सुश्रुताने मेदस्वी पुरुषाच्या लक्षणांत थोड्या श्रमाने लागणारी धाप, अतिनिद्रा आणि श्वासाचा अवरोध यांची गणना केली. प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे, एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल, हा भेदही चरकाने केला.  जैन परंपरेच्या श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांच्या आचारनियमांत, रात्रिभोजनाचा त्याग सांगितलेला आहे आणि कारंज्यातील कित्येक घरांत सूर्यास्तापूर्वी चूल विझविण्याचा शिरस्ता आजही पाळला जातो. त्यामागचा हेतू अहिंसेचा, आरोग्याचा नव्हे. परंतु तेच अन्न सकाळी घेतले असता रक्तातील साखर जितकी चढते त्याहून रात्री अधिक चढते, हे आता प्रयोगान्ती सिद्ध आहे. पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. त्यांनी लक्षणे पाहिली, कार्यकारणाची साखळी त्यांना दिसणे शक्य नव्हते. ती दिसण्यासाठी रात्रभर निजलेल्या माणसाच्या उशाशी उपकरणे घेऊन बसावे लागले आणि ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणी केले नाही.

या साखळीचे दुवे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या शाखांच्या वैद्यांच्या हाती लागले. १९२१ साली टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागला तेव्हा मधुमेह म्हणजे इन्सुलिनची उणीव, असा सोपा हिशेब मांडला गेला. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखविले, की काही रोग्यांच्या शरीरात इन्सुलिन टोचूनही त्याचा अंमल चालत नाही: हुकूम सुटतो, पण तो बजावला जात नाही. १९४७ मध्ये मार्सेय येथील झाँ व्हाग यांनी स्थूल माणसे सारखी नसतात हे सांगितले. ज्यांचा मेद पोटावर व छातीकडे साठतो त्यांना मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार अधिक जडतात, नितंब व मांड्यांवर साठतो त्यांना कमी. या निरीक्षणाकडे पुढे कित्येक वर्षे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

निद्रेचा दुवा हाती आला तो एका पत्त्यांच्या डावातून. बोस्टनमध्ये १९५६ साली डॉ. बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ५१ वर्षांच्या व्यावसायिकाची हकीकत प्रसिद्ध केली. उंची साडेपाच फुटांच्या आत, वजन २६० पौंडांहून अधिक. हे गृहस्थ आठवड्यातून एकदा मित्रांसह पोकर खेळत. एके रात्री त्यांच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. असा हात वर्षानुवर्षांच्या खेळातही क्वचितच लाभतो. परंतु बोली लावण्यापूर्वीच त्यांचा डोळा लागला आणि तो डाव तसाच निसटला. काही दिवसांनी ते आपण होऊन रुग्णालयात दाखल झाले. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधील पिक्‌विक पेपर्स या कादंबरीत उभ्या उभ्या झोपणारा जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. त्यावरून बर्वेल यांनी या विकाराला पिक्‌विकचे नाव दिले. रुग्णालयात अल्प आहारावर ठेवून वजन उतरविताच रोग्याची धाप व झोपाळूपणा दोन्ही ओसरली. तथापि कारणमीमांसा त्यांची चुकली. रक्तात कर्बवायू साठल्यामुळे दिवसा गुंगी येते, असे त्यांनी मानले. रोग्याला दिवसा तपासले, रात्री तो निजला असता काय होते ते पाहिले नाही.

ते पाहिले १९६५ साली मार्सेयच्या गास्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीतील फ्रायबुर्गच्या युंग व कुहलो यांनी स्वतंत्रपणे. मेंदूच्या विद्युल्लहरी आणि श्वास यांचे आलेख रात्रभर घेतले असता दिसले, की निजलेल्या माणसाचा श्वास पुन्हा पुन्हा बंद पडतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुटतो, आणि पुन्हा तेच. व्हाग यांचे पोटाच्या मेदाविषयीचे निरीक्षण आणि गास्तो यांचे झोपेतील श्वासावरोधाचे निरीक्षण ही दोन्ही एकाच मार्सेय शहरातली, केवळ अठरा वर्षांच्या अंतराने झालेली. तरी ती एकमेकांना जोडली जाण्यास आणखी तीस वर्षे लागावीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. वैद्यकशास्त्राच्या शाखा वाढत गेल्या तसे फुप्फुसाचा वैद्य फुप्फुस पाहू लागला, हृदयाचा वैद्य हृदय, आणि मधुमेहाचा वैद्य साखर. रोगी मात्र एकच राहिला.

रात्री नेमके काय घडते ते येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी पक्की आहे की घोरणाऱ्याची चेष्टा होते, चौकशी होत नाही. झोप लागली की घशाचे स्नायू शिथिल होतात. मानेभोवती, जिभेच्या मुळाशी मेद साठलेला असेल तर वाट आधीच अरुंद झालेली असते. आत ओढल्या जाणाऱ्या हवेने ओल्या कापडी नळीच्या भिंती एकमेकींना चिकटाव्यात तशा घशाच्या भिंती चिकटतात. आधी घोरणे, मग एकाएकी शांतता. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. दहा, वीस, कधी तीस सेकंद असे जातात. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदूला धोक्याची सूचना मिळते, ॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो, नाडी व रक्तदाब एकदम चढतात, आणि मोठ्या हुंकारासरशी श्वास मोकळा होतो. निजलेल्याला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी निजणाऱ्याला. तासाला पाच वेळा असे घडले तर तो विकार समजतात, तीस वेळांच्या वर गेले तर तीव्र. म्हणजे तीव्र विकाराचा रोगी एका रात्रीत दोनशेहून अधिक वेळा गुदमरतो आणि सकाळी जड डोक्याने उठून, झोप पुरली नाही एवढेच म्हणतो.

या प्रत्येक गुदमरण्याचा जमाखर्च हृदयाला व यकृताला द्यावा लागतो. बंद घशाविरुद्ध छाती फुगू पाहते तेव्हा छातीच्या पोकळीतील दाब उतरतो आणि हृदयाच्या भिंतींवर बाहेरच्या बाजूने ताण येतो. रात्री रक्तदाब उतरण्याचा जो निसर्गनियम, तो मोडतो आणि हळूहळू दिवसाचाही दाब चढा राहू लागतो. ॲड्रेनलिन व कॉर्टिसोल यांच्या प्रभावाने यकृत साखर रक्तात सोडते, मेदाच्या पेशी स्निग्धाम्ले सोडतात, आणि स्नायू इन्सुलिनचे ऐकेनासे होतात. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन ओतून वेळ मारून नेते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, थकव्याने हालचाल घटते, मेद आणखी वाढतो, मान आणखी जाड होते. हे चक्र कोठून सुरू झाले, हे एकदा ते फिरू लागल्यावर सांगता येत नाही.

१९८१ पर्यंत तीव्र विकाराला एकच खात्रीचा उपाय होता: घशाखाली भोक पाडून श्वासाची निराळी वाट करणे. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी त्या वर्षी नाकावरच्या मुखवट्यातून सतत दाबाने हवा देण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पहिली यंत्रे त्यांनी धूळ ओढून घेणाऱ्या घरगुती यंत्राची मोटार उलटी वापरून बनविली होती. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत जेरल्ड रीव्हन यांनी एका सन्मान्य व्याख्यानात इन्सुलिनविरोध, चढा रक्तदाब, रक्तातील वाढलेली स्निग्धद्रव्ये आणि हृदयरोग हे एकाच मुळाचे फाटे असल्याचे प्रतिपादन केले व त्या समूहाला सिंड्रोम एक्स म्हटले. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, सलिव्हन यांच्याच गटातील विल्कॉक्स प्रभृतींनी त्यात झोपेतील श्वासावरोधाची भर घालून सिंड्रोम झेड हे नाव सुचविले. रीव्हन यांनी आपल्या मूळ यादीत स्थूलतेला स्थान दिले नव्हते, कारण सडसडीत माणसांतही इन्सुलिनविरोध आढळतो हे त्यांच्या ध्यानी आले होते. आपल्याकडील कथेचा धागा येथूनच निघतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात पुण्यासह देशातील सहा केंद्रांतून मधुमेहाची पाहणी केली, तेव्हा शहरात सुमारे २.१ टक्के आणि खेड्यात १.५ टक्के प्रौढ मधुमेही आढळले. पुण्याच्या रास्ता पेठेत १९१२ पासून असलेल्या केईएम रुग्णालयाला डॉ. बानू कोयाजी यांनी प्रसूतिगृहापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत वाढविले, आणि वढू येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य उभे करून शहरातल्या वैद्यांना खेड्याच्या वाटेवर आणले. त्याच रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डहून परतून मधुमेहाचा अभ्यास करीत होते. आपल्याकडचा मधुमेही युरोपीय मधुमेह्यापेक्षा दहा-वीस वर्षे तरुण असतो आणि लठ्ठही तितका नसतो, मग त्याला हा रोग का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

उत्तराची एक दिशा इंग्लंडमधील जुन्या दप्तरांतून आली. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुईणी व आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे वजन जाड वह्यांत टिपून ठेवीत. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या हुडकल्या, त्यांतील ५६५४ पुरुषांचा पुढील आयुष्याचा माग काढला आणि १९८९ मध्ये दाखवून दिले, की जे बालपणी वजनाने उणे होते त्यांना मोठेपणी हृदयविकाराने मृत्यू अधिक आला. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जी उपासमार झाली तिच्यात गर्भावस्थेत असलेल्यांची तपासणी झाली. त्यांचे शरीर साखर हाताळण्यात कमी पडत असल्याचे दिसले. भूक गर्भाच्या देहावर आपली मोहर उठवून जाते आणि ती मोहर पन्नास वर्षांनी वाचता येते, असा याचा अर्थ होता. वऱ्हाडच्या दुष्काळांविषयी असा पुरावा कधी मिळणार नाही, कारण त्या वह्याच आपल्याकडे लिहिल्या गेल्या नाहीत. पण आपण जे वारसदार आहोत ते कोणत्या कोठाराचे, याचा विचार त्या अनुभवावरून करता येतो.

याज्ञिक यांनी प्रथम केईएममध्ये जन्मलेल्या चार वर्षांच्या मुलांची तपासणी केली. जन्मतः कमी वजनाच्या मुलांच्या रक्तात, साखर पाजल्यानंतर, साखर व इन्सुलिन दोन्ही अधिक आढळली. मुले आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जन्मतः लहान आणि पुढे चटकन मोठी झालेली मुले इन्सुलिनविरोधात सर्वांच्या पुढे. दरम्यान १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जे काम सुरू झाले ते महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात अव्वल दर्जाचे मानले पाहिजे. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया विवाहित तरुणींच्या घरी महिन्यामागून महिना जात, पाळी चुकल्याची नोंद करीत, म्हणजे गर्भ राहिल्याचे आरंभीच कळावे. भाकरी किती, डाळ किती, पालेभाजी कधी, दूध कितीदा, पाणी किती लांबून आणले, खुरपणीला किती तास गेले, हे सारे टिपले जाई. माता सरासरी बेचाळीस किलोंच्या आसपास. बाळ जन्मले की बहात्तर तासांच्या आत मापे घ्यावयाची: वजन, लांबी, डोक्याचा व पोटाचा घेर, आणि चिमट्यासारख्या एका उपकरणाने दंडाची व पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा हलकेच धरून तिच्या घडीची जाडी.

त्या चिमट्याने जे सांगितले ते कोणाच्या कल्पनेत नव्हते. खेड्यातली बाळे सरासरी २.७ किलोंची, साउदॅम्प्टनची इंग्रज बाळे ३.५ किलोंची. स्नायू उणे, पोटातील इंद्रियांचा घेर उणा. पण पाठीच्या त्वचेखालचा मेद मात्र जवळजवळ राखलेला. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही इंग्रज बाळांपेक्षा चढे. ज्या बाळाला पाहून कोणतीही आजी वाळलेले म्हणेल, ते आतून मेदस्वी होते. उपासात वाढणाऱ्या गर्भाने मेंदू आणि मेद वाचविले आणि स्नायूंचा बळी दिला. याच खेड्यांत शोभा राव आदींनी केलेल्या पाहणीत असेही दिसले, की पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा मिळालेल्या मातांची बाळे भरली होती, आणि गर्भारपणी शेतात अधिक राबलेल्या मातांची बाळे उणी. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व तुटपुंजे होते; बी-१२ कमी आणि फोलेट जास्त अशा मातांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला अधिक विरोध करीत होती.

२००४ चा जानेवारी महिना या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १० जानेवारीच्या लॅन्सेटमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी उंची-वजनाच्या निर्देशांकाची सावधगिरीची रेषा २३ वर ओढण्याची तजवीज मांडली; आणि त्यालाच लागून एका पानात दोन सद्‌गृहस्थांचे छायाचित्र छापून आले. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन यड्किन. दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. क्ष-किरणांनी मोजलेला मेद मात्र यड्किन यांच्या देहात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. यड्किन फावल्या वेळात मॅरेथॉन धावणारे. याज्ञिक यांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी ते गाठण्यापुरती, आणि जन्माचे वजनही कमी, हेही तेथे सांगितलेले आहे. स्वतःचा देह पुरावा म्हणून जगापुढे ठेवण्याची ही निर्भयता मला फार मोलाची वाटते.

त्याच महिन्याच्या १५ तारखेला एका अमेरिकन श्वसनवैद्यक नियतकालिकात मुंबईची पाहणी प्रसिद्ध झाली. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना झोपेविषयी प्रश्न विचारले आणि त्यांतील २५० जणांच्या घरी उपकरण लावून रात्रीचा श्वास टिपला. हे कोणी रोगी म्हणून आलेले नव्हते. तरी १९.५ टक्क्यांना झोपेतील श्वासाचा विकार असल्याचा अंदाज निघाला, आणि ७.५ टक्क्यांना दिवसाच्या झोपाळूपणासह पुरता विकार. त्या विकाराशी निगडित गोष्टी कोणत्या, तर मानेचा घेर, उंची-वजनाचा निर्देशांक आणि मधुमेह. पुण्याचा मेद आणि मुंबईचा श्वास एकाच पंधरवड्यात छापून आले. एकाने रोगाचा उगम गर्भापर्यंत नेला, दुसऱ्याने त्याचा विस्तार शयनगृहापर्यंत दाखविला.

त्यानंतरची वर्षे विस्तारभयास्तव थोडक्यात. २००९ च्या भारतीय मतैक्याने कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर ठरविली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढ मधुमेही, ३५.५ टक्के उच्च रक्तदाबाचे आणि ३९.५ टक्के पोटाच्या मेदाचे आढळले. हवेच्या मुखवट्याने हृदयविकार टळतो काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र अपेक्षेप्रमाणे मिळाले नाही: भारतासह सात देशांत, आधीच हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७०० हून अधिक रोग्यांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झोपाळूपणा उतरला, मन हलके झाले, पण हृदयविकाराचे झटके व पक्षाघात कमी झाले नाहीत. रोगी रात्री सरासरी तीन-सव्वातीन तासच मुखवटा लावीत होते, हे त्याचे एक कारण असू शकेल. आणि मेद, साखर व भुकेचा इतिहास तसाच ठेवून केवळ घशाची वाट मोकळी केल्याने सगळे भागत नाही, हे दुसरे. डिसेंबर २०२४ मध्ये, मधुमेह व वजन यांसाठी निघालेले टिर्झेपॅटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत स्थूल माणसांच्या श्वासावरोधासाठीही मान्य झाले. साखरेचे औषध झोपेच्या विकाराला लागू पडावे, यात विखुरलेल्या शाखांची भेट पुरी झाली.

कारंज्याच्या शिवारात या सगळ्याचा अर्थ वेगळ्या रीतीने दिसतो. ज्वारीची जागा बहुतांशी सोयाबीनने घेतली. ताटातली भाकरी मागे सरली आणि रेशनचा गहू, तांदूळ व दिवसातून कितीदा तरी होणारा साखरेचा चहा पुढे आला. निंदण-खुरपण करणाऱ्या आजीचा नातू मोटारसायकलवर फिरतो किंवा गावाजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर रात्रभर मालमोटार हाकतो. त्याची कंबर सुटलेली असते आणि हातपाय काडीसारखे. गावात त्याला कोणी लठ्ठ म्हणत नाही. त्याच्या घरी, हा रात्री घोरतो का, घोरता घोरता मध्येच गप्प होतो का, एवढे विचारले तर बायको तत्क्षणी सांगते. आणि बोस्टनच्या त्या गृहस्थांच्या हातून केवळ पत्त्यांचा डाव गेला, याच्या हाती चालत्या गाडीचे चाक असते. झोपेची रीतसर तपासणी ही आजही बहुधा मोठ्या शहरांची मिरास आहे. तरी शिंपी वापरतो त्या फितीने कमरेचा व मानेचा घेर घेणे, रक्तदाब व साखर पाहणे आणि घरच्यांना दोन प्रश्न विचारणे तालुक्याच्या दवाखान्यात कोणालाही शक्य आहे, आणि ते व्हावे असे मला कळकळीने वाटते.

पुण्याच्या सहा खेड्यांतील ती बाळे अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. ६१९ तरुण-तरुणींपैकी जवळजवळ निम्मे, ४८ टक्के, वजनाने कमी होते, उंचीच्या मानाने रोड. आणि तरीही ३७ टक्के तरुणांच्या व १८ टक्के तरुणींच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर होती. त्यांतील बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. ज्यांच्या अंगाला मांस कधी लागले नाही त्यांच्या शरीरात ही व्याधी अठराव्या वर्षी येऊन उभी होती. २०१२ मध्ये त्याच तरुण-तरुणींना, विवाहापूर्वीच, बी-१२ व इतर सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. गर्भ राहिल्यावर औषध देण्याऐवजी गर्भ राहण्यापूर्वीच मातापित्यांचे देह सिद्ध करावेत, हा त्यामागचा विचार. त्या मुलींना आता मुले झाली आहेत. त्यांच्या जन्माची वजने लिहून ठेवलेली आहेत. पूर्वीच्या पिढीच्या मापांशी ती ताडून पाहता येतात, आणि हर्टफर्डशरच्या वह्यांनी जे सत्तर वर्षांनी सांगितले ते मराठी मुलखातल्या या वह्यांतून पुढच्या पिढीच्या वैद्यांना वाचता येईल.